आधुनिक पियानो पीस वाजवायला घेतलाय? स्कोअर उघडण्यापासून स्टेजपर्यंत काय काय करायचं

अवघड समकालीन पियानो पीसचा स्कोअर, म्हणजे छापील नोटेशन, हातात आला की बहुतेक जण लगेच पियानोवर बसतात, पहिल्या ओळीपासून एकेक नोट शोधत वाजवायला लागतात आणि तीन आठवड्यांनी दुसऱ्या पानावर अडकलेले असतात. मेहनत भरपूर झालेली असते, क्रम चुकलेला असतो. या संगीतातल्या निम्म्या अडचणी मुळात बोटांच्या नसतातच. कुठली नोट कुठल्या हाताने घ्यायची, कुठला ताल घट्ट धरायचा आणि कुठला सैल सोडायचा, ऐकणाऱ्याच्या कानावर नेमकं काय पडलं पाहिजे, हे कोणी ठरवलेलंच नसतं, आणि जे ठरवलं नाही त्याचा कितीही रियाज केला तरी बोटं दर वेळी काहीतरी वेगळंच करतात. म्हणून खाली ठरवायची कामं आधी घेतलीत आणि वाजवायची नंतर. बाख, बेथोवेन, शोपां तुमच्या हाताखालून बऱ्यापैकी गेलेत असं धरून लिहितोय.

पायरी १: पियानोचं झाकण बंद ठेवा

पहिले काही दिवस फक्त स्कोअर, टेबल आणि पेन्सिल. सुरुवातीला सूचनांची पानं असतात ती बहुतेक जण उडवतात, तसं करू नका, कारण प्रत्येक संगीतकाराची चिन्हं वेगळी, एकाकडे बाणाचा अर्थ ‘शक्य तितकी वरची नोट’ असतो तर दुसऱ्याकडे तोच बाण वेग वाढवायला सांगतो. एक गोष्ट तर पहिल्याच दिवशी तपासा: शार्प-फ्लॅट (सूर चढवणारं-उतरवणारं चिन्ह) त्या एका नोटेपुरता आहे की पूर्ण बारभर (तालाच्या एका घरभर) लागू आहे. विसाव्या शतकातल्या कितीतरी स्कोअरमध्ये तो फक्त त्या नोटेपुरता असतो, आणि हे न वाचता महिनाभर चुकीच्या नोटा घोटल्या की त्या बोटांतून काढणं नवीन शिकण्यापेक्षा जास्त कठीण जातं.

मग पूर्ण पीसचा नकाशा काढा. कुठे गर्दी आहे, कुठे शांतता आहे, कुठली कल्पना परत येते, सगळ्यात मोठा आवाज कुठे आहे. एका कागदावर मावेल एवढंच लिहा. रेकॉर्डिंग ऐकायचं की नाही यावर लोक भांडतात, माझं मत असं की दोन वेगवेगळ्या पियानिस्टची ऐका आणि मग काही आठवडे बंद करा, एकच रेकॉर्डिंग रोज ऐकलं तर त्या माणसाच्या चुकासुद्धा तुमच्या होतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, पेन्सिलीने पानावरच लिहा: इथे काय ऐकू गेलं पाहिजे? संगीतकार लिगेटीचा पहिला एट्यूड (तंत्राच्या सरावाचा छोटा पीस) घ्या, १९८५ च्या पहिल्या पुस्तकातला ‘देझॉर्द्र’. उजवा हात फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर, डावा फक्त काळ्या पट्ट्यांवर, दोन्ही हात अखंड क्वेव्हर (अष्टमांश नोटा) वाजवतात, ॲक्सेंट (जास्त जोराच्या नोटा) सुरुवातीला जुळलेले असतात आणि मग उजव्या हातातलं एखादं क्वेव्हर गळत जातं तसे ते एकमेकांपासून सरकत जातात. ऐकणाऱ्याला ऐकू जायला हवं ते हे सरकणं. मधल्या भरावाच्या नोटा हा पडदा आहे, चित्र ॲक्सेंटमध्ये आहे. हे कळलं की रियाज आपोआप बदलतो, आधी फक्त ॲक्सेंटच्या नोटा दोन्ही हातांनी, बरोबर तालात, मधल्या जागा रिकाम्या ठेवून वाजवायच्या आणि त्या पक्क्या झाल्यावरच भराव घालायचा.

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे मेसियाँचा १९४९ चा ‘मोड द व्हालर ए दँतेंसिते’. इथे पडदा आणि चित्र असा भेदच नाही, ३६ नोटा, प्रत्येकीची लांबी, ॲटॅक (नोट सुरू करण्याची पद्धत) आणि जोर ठरलेला, आणि जोराचे एकूण सात टप्पे. इथे नोटांचा तक्ता बनवून त्या त्या नोटेचा ‘स्वभाव’ पाठ करावा लागतो, ही नोट आली की ती नेहमी अशीच वाजणार. सात टप्पे वेगळे काढायचे तर आधी एकाच नोटेवर सातही टप्पे चढउतार करून पाहा, तुमच्या पियानोवर आणि तुमच्या खोलीत. अगदी हळू आवाज आणि त्याहून हळू आवाज यात फरक करणं मोठ्या आवाजापेक्षा कितीतरी अवघड आहे हे लगेच कळेल.

आणि काही पीस असे की लिहिलेलं सगळं वाजवणं दोन हातांना शक्यच नाही. झेनाकिसचा ‘एव्रियाली’, १९७३, त्यात अशा जागा सरळसरळ आहेत. तिथे काय सोडायचं हे घरी ठरवलं पाहिजे, स्टेजवर ऐनवेळी नाही. आवाजाच्या त्या ढगाचा वरचा काठ, खालचा काठ आणि तो कुठल्या दिशेने सरकतोय हे टिकवा, मधलं सोडता येतं. सोडलेल्या नोटांना पेन्सिलीने कंस करा आणि मग त्या सोडल्याचं वाईट वाटून घेऊ नका.

पायरी २: ताल कागदावर सोडवा

याला सगळ्यात जास्त वेळ द्या, बहुतेकांची गाडी इथेच रुळावरून उतरते.

साधं प्रकरण आधी. पाचास चार, म्हणजे एका हातात पाच नोटा आणि त्याच वेळात दुसऱ्यात चार. लसावि वीस. वीस खाने काढा, पाचवाला हात ०, ४, ८, १२, १६ वर, चारवाला ०, ५, १०, १५ वर. आता नुसतं बघूनच कळतं की चारवाल्याची दुसरी नोट पाचवाल्याच्या दुसरीला चिकटून लगेच नंतर येते, तिसरी बरोबर दोन नोटांच्या मध्ये पडते आणि चौथी पाचवीच्या जरासं आधी. हा आकार आधी टेबलावर हातांनी थापटा, तोंडाने बोला, ‘तकिट’, ‘तकधिमि’, ‘तकतकिट’ असे बोल ज्यांच्या तोंडात बसलेत त्यांना तर हे काम निम्मं सोपं, आणि मगच पट्ट्यांवर न्या. तीनास दोन, चारास तीन, पाचास तीन, पाचास चार, सातास चार एवढे पाच आकार विचार न करता यायला लागले की स्कोअरमधला बराचसा भाग वाचनीय होतो.

त्यापुढे खाने मोजत बसू नका. इलियट कार्टरच्या ‘नाइट फँटसीज’मध्ये, १९८० चा पीस, मुळाशी २१६ ला १७५ असं प्रमाण आहे, ते कोणी वीस खान्यांच्या पद्धतीने वाजवत नाही. तिथे प्रत्येक थराला स्वतःचा वेग आहे असं समजून त्याचा मेट्रोनोमवरचा आकडा काढायचा. कार्टरकडे एक वेग दुसऱ्यात वितळतो ते पण असंच सोडवायचं: क्रॉचेट (चतुर्थांश नोट) मिनिटाला ८० असेल आणि ट्रिपलेटचं (एका क्रॉचेटमध्ये तीन) क्वेव्हर पुढच्या बारमध्ये साधं क्वेव्हर होत असेल तर नवीन वेग १२०, आणि क्विंटुपलेटचं (एका क्रॉचेटमध्ये पाच) सेमीक्वेव्हर (सोळांश नोट) साधं सेमीक्वेव्हर होत असेल तर १००. हे आकडे स्कोअरवर मोठ्या अक्षरात लिहा. मग दोन्ही वेग वेगवेगळे वाजवून अंगात मुरवा, जोड सगळ्यात शेवटी.

ट्यूपलेटच्या (नेहमीपेक्षा वेगळ्या संख्येने भागलेल्या नोटांच्या गटाच्या) आत ट्यूपलेट, ब्रायन फर्नीहोकडे असतात तसे, बघून घाम फुटतो पण गणित तेच. क्रॉचेट ६० म्हणजे क्वेव्हर मिनिटाला १२०. चार क्वेव्हरच्या जागी पाच दिली की त्या पाचांचा वेग १५०. त्या पाचांपैकी दोनांच्या जागी तीन दिल्या की वेग २२५. आता मेट्रोनोम ७५ ला लावा, एका टिकला तीन नोटा वाजवा, झालं, तेवढा तुकडा तुम्हाला बरोबर वेगात ऐकू आला. वाजवताना हे गणित डोक्यात चालवायचं नाही, ऐकलेला वेग हाताला लक्षात ठेवायचा आहे, गणित फक्त तो एकदा बरोबर ऐकण्यापुरतं. आणि प्रत्येक बीटवर नेमकी कुठली नोट पडते त्यावर उभी रेघ मारून ठेवा, रेघा जमल्या तर मधलं थोडं इकडंतिकडं झालेलं चालतं, रेघा चुकल्या तर मधलं कितीही सुंदर असो, उपयोग नाही.

सतत बदलणाऱ्या मात्रा तुलनेने सोप्या. सगळ्यात लहान सामाईक एकक शोधायचं, पाच अष्टमांशच्या बारनंतर सात सोळांशचा बार आला तर सोळांश मोजा, दहा आणि सात. मग दोन-तीनच्या गटांत तोडा आणि तोडलेले गट स्कोअरवर छोटे त्रिकोण आणि उभ्या रेघांनी दाखवा, आकडे लिहिण्यापेक्षा चिन्हं नजरेला लवकर सापडतात.

पायरी ३: हात वाटून घ्या

वरची ओळ उजव्या हाताची आणि खालची डाव्याची हा नियम इथे विसरा. ओळी बऱ्याचदा फक्त आवाजाची उंची किंवा थर दाखवायला असतात. मोठी उडी दुसऱ्या हाताने घेता येते का, अवघड कॉर्डमधली एखादी नोट दुसऱ्या हाताचा अंगठा उचलू शकतो का, हे प्रत्येक बारला विचारा. फिंगरिंग ठरलं की लिहा आणि शक्यतो बदलू नका. फक्त एक काळजी, संगीतकाराने मुद्दाम हात अडचणीत टाकला असेल तर ती अडचण वाटून संपवू नका. लिगेटीच्याच ‘तूश ब्लोके’मध्ये एक हात काही पट्ट्या आवाज न करता दाबून धरतो आणि दुसरा त्यांच्यावरूनच धावतो, दाबलेल्या पट्ट्या वाजत नाहीत म्हणून धावण्यात भोकं पडतात आणि तो अडखळणारा ताल तयार होतो. तिथे धावणाऱ्या हाताने मुक्या पट्ट्यांवरूनही तेवढ्याच जोराने बोट टाकायचं, न वाजणारी नोट वाचवायला गेलात की ताल मेलाच.

हातांच्या उंचीचाही विचार करा, दोन्ही हात एकाच जागेत असतील तर कोण वर कोण खाली, कोण पट्टीच्या कडेला आणि कोण आत काळ्या पट्ट्यांकडे. हेही लिहून ठेवायचं.

क्लस्टर आणि अंगाची काळजी

तळहाताने, मुठीने किंवा कोपरापर्यंतच्या हाताने पट्ट्यांचा अख्खा गठ्ठा दाबायचा, हेन्री कॉवेलने हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच केलं होतं. क्लस्टर मारायचा नसतो. हात आधी पट्ट्यांवर टेकवा, कुठून कुठपर्यंत ते बघा, मग खांद्यातून वजन सोडा. उंचावरून आपटलं तर दंडाला मार बसतो आणि आवाजही कोरडा येतो. वरची आणि खालची नोट जास्त दाबली तर क्लस्टरला कडा येते, मग एकामागून एक क्लस्टर आले तरी त्यातून चाल ऐकू येते. कधी कधी साधनं लागतात: आइव्जच्या ‘कॉन्कॉर्ड’ सोनाटामध्ये पावणेपंधरा इंचांची लाकडी पट्टी वापरायची असते, आणि स्टॉकहाउजनच्या दहाव्या ‘क्लाव्हियरश्टुक’मध्ये क्लस्टरचे ग्लिसांडो (पट्ट्यांवरून सरकत जाणं) इतके आहेत की बोटांची टोकं कापलेले हातमोजे घालूनच ते वाजवतात. हातमोजे घालून रियाज सुरुवातीपासून करा, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नवीन मोजे घातले की पट्ट्यांचा स्पर्शच बदलतो.

पुन्हा पुन्हा एकच कॉर्ड असेल, किंवा फेल्डमनच्या ‘ट्रायडिक मेमरीज’सारखा दीड तासाच्या आसपासचा अतिशय हळू आवाजाचा पीस असेल, तर थकवा हाच खरा प्रश्न. स्टूलची उंची, पाठ, कुठल्या बारमध्ये खांदे सैल सोडायचे, हे स्कोअरवर लिहा. मनगट किंवा दंड दुखला तर त्या दिवसापुरतं थांबायचं, यात वाद नको.

पायरी ४: पियानोच्या आत हात घालण्याआधी

पहिली गोष्ट परवानगी. पियानो दुसऱ्याचा असेल तर त्याला आणि ट्यूनरला आधी सांगा, काय करणार ते दाखवा, स्क्रू घालणार म्हटलं की लोक घाबरतात पण नीट पद्धत दाखवली तर बऱ्याचदा हो म्हणतात. हात धुऊन, कोरडे करून मगच तारांना लावा, घाम आणि तेलाने तारा गंजतात आणि खर्जातल्या तांब्याच्या वेढ्याच्या तारांचा आवाज बसतो. खुणेचा स्टिकर लावणं सोडलं तर डॅम्परना (तारांचा आवाज थांबवणाऱ्या फेल्टच्या ठोकळ्यांना) अजिबात हात लावू नका, ते जरासे जरी वाकले तरी दुरुस्तीचं काम निघतं.

दुसरी गोष्ट, प्रत्येक मॉडेलमध्ये लोखंडी फ्रेमचे आडवे-तिरपे दांडे वेगळ्या जागी असतात. तुमच्या पियानोवर सहज पोचणारी तार हॉलच्या पियानोवर दांड्याखाली गेलेली असू शकते, म्हणून हॉलच्या पियानोचा फोटो आधीच मागवा आणि पर्यायी जागा ठरवून ठेवा. खुणांसाठी सहज निघणारे छोटे रंगीत स्टिकर वापरा, डॅम्परच्या वरच्या भागावर हलक्या हाताने लावता येतात, आणि कार्यक्रम झाल्यावर सगळे काढायचे. हार्मोनिकसाठी (तारेला हलकं बोट टेकवून काढलेला वरचा सूर) तारेच्या मधोमध बोट टेकवलं तर एक सप्तक वरचा सूर येतो, एक तृतीयांशावर सप्तक अधिक पंचम, आणि जागा दोन-चार मिलिमीटर चुकली तरी आवाज नुसता ठप्प येतो, त्यामुळे खूण बारीक हवी.

प्रिपेअर्ड पियानोचं (तारांमध्ये वस्तू घालून आवाज बदललेला पियानो) उदाहरण केजच्या ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’चं, १९४६ ते १९४८ मधलं काम, १६ सोनाटा, ४ इंटरल्यूड, ४५ नोटांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबर वगैरे घालायचं आणि तक्त्यात डॅम्परपासूनचं अंतर इंचांत दिलेलं. पण तुमच्या पियानोच्या तारांची लांबी वेगळी असेल तर तेच अंतर वेगळा आवाज देणार, म्हणून तक्ता ही सुरुवात समजा आणि शेवटचा निर्णय कानाने घ्या. उजवा पेडल दाबून डॅम्पर उचलून ठेवा, तारा लाकडी किंवा प्लास्टिकच्या पाचरीने अलगद बाजूला करा आणि मग स्क्रू बसवा, ढकलून घुसवू नका. स्क्रू एवढा लांब नको की खाली साउंडबोर्डला लागेल. डावा पेडलही तपासा, ग्रँडवर तो हातोड्या बाजूला सरकवतो, त्यामुळे तीनपैकी दोनच तारांवर ठोका पडतो आणि स्क्रू कुठल्या दोन तारांमध्ये आहे त्यावर त्याच नोटेचे दोन वेगळे आवाज मिळतात.

कॉवेलच्या १९२५ च्या ‘द बॅन्शी’मध्ये सगळं वाजवणं तारांवरच आहे आणि पट्ट्यांसमोर बसून पेडल दाबून धरायला दुसरा माणूस लागतो. त्याला दोन-तीन रिहर्सलला तरी बोलवा, ‘नुसता पेडल तर दाबायचाय’ असं त्याला आणि तुम्हाला दोघांनाही वाटत असतं.

मधल्या पेडलबद्दल थोडक्यात. हा सॉस्टेनुटो पेडल फक्त त्या क्षणी उचललेले डॅम्पर धरतो, म्हणजे पट्ट्या आधी दाबायच्या, मग मधला पेडल, मग उजवा. उजवा आधीच खाली असेल तर सगळेच डॅम्पर अडकतात. बेरिओच्या ‘सेक्वेन्झा ४’सारख्या पीसमध्ये हा पेडल म्हणजे तिसरा हातच आहे, आणि घरच्या अपराइटवर मधला पेडल बऱ्याचदा फक्त आवाज दाबणाऱ्या फेल्टचा असतो, त्यामुळे ग्रँड मिळवून त्यावर रियाज करणं भाग आहे.

पायरी ५: आता वाजवा

तुकडे लहान घ्या, एक-दोन बीट एवढेसुद्धा. नेहमीचा सल्ला असतो की हळू सुरू करून मेट्रोनोम वाढवत जा, तो ठीकच आहे पण अपुरा आहे, कारण मोठ्या उड्यांमध्ये हळू वेगात हात जशी हालचाल करतो तशी पूर्ण वेगात करूच शकत नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी या: पूर्ण तुकडा हळू, आणि त्यातल्याच चार-पाच नोटा पूर्ण वेगात, मग थांबा, हात पुढच्या जागी न्या, परत चार-पाच नोटा. शेवटच्या पानापासून मागे येत शिकलात तर अजून चांगलं, नाहीतर पहिलं पान चकाचक आणि शेवटचं रामभरोसे असं होतं.

ज्या पीसमध्ये क्रम ठरलेला नाही तिथे रियाजही तसाच मोकळा हवा. स्टॉकहाउजनचा अकरावा ‘क्लाव्हियरश्टुक’, १९५६, एका मोठ्या कागदावर १९ तुकडे, नजर पडेल तो वाजवायचा, प्रत्येकाच्या शेवटी पुढच्याचा टेम्पो, जोर आणि ॲटॅक लिहिलेला, आणि कुठलाही तुकडा तिसऱ्यांदा आला की पीस संपला. तुकडे पाठ करून लाडका क्रम बसवला तर मजाच गेली. चिठ्ठ्या टाका, कुठल्याही तुकड्यावरून कुठल्याही तुकड्यावर जायची सवय करा, आणि एकच तुकडा निदान तीन वेगवेगळ्या टेम्पोंमध्ये तयार ठेवा.

आठवड्यातून एकदा रेकॉर्ड करा आणि पहिल्यांदा स्कोअर न बघता ऐका. सुरुवातीला ‘इथे काय ऐकू गेलं पाहिजे’ म्हणून पानावर जे लिहिलं होतं ते ऐकू येतंय का एवढंच तपासा. चुकलेल्या नोटा दुसऱ्या फेरीत.

पायरी ६: स्टेज

स्कोअर समोर ठेवून वाजवा, या संगीतात ते सर्रास चालतं, उगाच पाठांतराच्या मानापमानात पडू नका. फक्त पानं उलटण्याचा प्रश्न आधीच सोडवा. टॅबलेट आणि पायाचा पेडल सोयीचा, पण पाय आधीच दोन पेडलवर नाचत असतील तर जमत नाही, तेव्हा पानं पुठ्ठ्यावर चिकटवून तीन-चार पानं एका वेळी समोर मांडा किंवा माणूस बसवा. आत वाजवायचं असेल तर स्कोअरचा स्टँड काढावा लागतो, मग पानं सपाट ठेवायची जागा शोधा आणि दिवा कुठून येतो ते बघा.

भरकटलात तर काय, हेही ठरलेलं हवं. पीसमध्ये दर अर्ध्या-पाऊण मिनिटाला एक ठिकाण नेमा जिथून तुम्ही झोपेतून उठूनसुद्धा सुरू करू शकता, आणि रियाजात मुद्दाम मध्येच थांबून पुढच्या ठिकाणी उडी मारायची सवय करा, मागे कधीच जायचं नाही. झेव्स्कीचा ‘द पीपल युनायटेड’, १९७५, ३६ व्हेरिएशन, जवळपास तासभराचा, त्यात शिट्टी वाजवणं आणि झाकण आपटणंही ऐच्छिक म्हणून आहे, असा पीस कुठेच न घसरता पार पडेल हे गृहीत धरणं धाडसाचं आहे.

इलेक्ट्रॉनिक्स असेल तर क्लिक ट्रॅक (तालाचे ठोके देणारं रेकॉर्डिंग) एकाच कानात घ्या, दुसरा कान हॉलसाठी मोकळा. साउंडचेकला सगळ्यात हळू आवाजाची आणि सगळ्यात मोठ्या आवाजाची जागा दोन्ही वाजवून घ्या, मधलं नाही वाजवलं तरी चालेल.

संगीतकार हयात असेल तर शंका सरळ ईमेलने विचारा, पण एक-एक करून नाही, बार नंबरसकट यादी करून एकदाच. छपाईतल्या चुका अशा स्कोअरमध्ये असतातच आणि तुमच्या यादीतली निम्मी प्रश्नचिन्हं कदाचित त्याच असतील.

कार्यक्रम संपल्यावर स्क्रू आणि रबर मोजून बाहेर काढा, घातले तेवढेच निघालेत ना बघा, स्टिकर काढा, तारा कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि पियानो मालकाला प्रत्येक पट्टी वाजवून दाखवा.